बिघाड डावीकडे

पिकअपचा उजवा इंडिकेटर गुणी बाळ होता. एका लयीत लागायचा, एका लयीत विझायचा. डाव्याचं तंत्रच निराळं. आधी घाई झाल्यासारखा भराभर लुकलुकायचा, मग मंद व्हायचा, आणि ब्रेकवर पाय ठेवला रे ठेवला की साफ गप्प. म्हणजे नेमकं वळायच्या वेळी मौनव्रत.

"तेवीस वर्षांची गाडी आहे," मिस्त्री म्हणाले. "माणसाच्या हिशेबाने तुझ्या सासूएवढी. एखादा डोळा फडफडणारच."

"माझा नाही फडफडत!" आतून सासूबाईंचा आवाज आला.

"एके काळी फडफडायचा," मिस्त्री सुनेला हळूच म्हणाले.

एरवी सून, म्हणजे ठमीची आई, हसली असती. पण हातात गाडी तपासायची, तिने स्वतः बनवलेली तीस कलमांची यादी होती आणि सत्तावीस कलमांवर बरोबरची खूण झालेली असताना अठ्ठाविसावं अडून बसलं होतं.

ठमी दहा महिन्यांची. तिची आई कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. बाळंतपणाची रजा, मग जोडून बिनपगारी रजा, मग त्यावर आणखी थोडी, असं करत करत रजेचा कपडा ओढून ओढून शेवटच्या टोकाला आला होता. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि येणार की नाही, ते विभागप्रमुख बाईंना शनिवारी दुपारी एकच्या आत फोन करून कळवायचं.

घरी पोरीला कुणाकडे ठेवायचं? नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी परगावी. सासूबाई कपडे बेतायच्या दुकानात दुपारपर्यंत. आणि सासरे सुतार, अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. त्यांचा कारखाना अंगणातच. जिथे दिवसभर करवत फिरते तिथे रांगतं पोर सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून पाळणाघर. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि आईची बस जायची नेमकी उलट दिशेला. तेव्हा ठरलं असं, की मिस्त्रींनी पिकअपमधून आधी नातीला पोचवायचं, मग बायकोला.

"इंडिकेटर नीट झाला तर मी जाते," ठमीच्या आईने सोमवारीच जाहीर केलं होतं. "नाहीतर नाही. घरापासून पाळणाघरापर्यंत पाच डावी वळणं आहेत. मी मोजलीत."

"मग काय झालं? तीन वेळा उजवीकडे वळलं की एक डावं होतं," मिस्त्री म्हणाले. "पाच त्रिक पंधरा. जरा लांबचं पडेल एवढंच."

"पोर चालायला लागेल पोचेपर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

बुधवारी मिस्त्रींनी बल्ब बदलले. ठमीची आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघत होती. त्या खिडकीतून अंगण, पिकअप, फाटक आणि फाटकाबाहेरचा रस्ता असं सगळं दिसायचं, म्हणून ती तिथेच भाजी चिरायची, तिथेच ठमीला भरवायची, आणि तिथेच उभ्याउभ्या, गार झालेलं, स्वतःही जेवायची. मिस्त्रींनी डाव्या दिव्याची काच काढली. आत डोकावले. बराच वेळ डोकावून राहिले. मग वळून एकदम खिडकीकडे पाहिलं आणि घाईघाईने काच परत बसवली.

"काय दिसलं, बाबा?"

"काही नाही गं. बल्ब."

"मग एवढा वेळ काय बघत होतात?"

"चांगला बल्ब होता," मिस्त्री म्हणाले आणि शीळ घालायला लागले. मिस्त्री शीळ घालायला लागले की समजावं, ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय.

गुरुवारी फ्यूजराव आला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस कुठलाही बिघाड असो, आधी फ्यूज काढून वास घ्यायचा, म्हणून हे नाव. त्याने फ्यूजचा वास घेतला, ठीक म्हणाला. इंडिकेटर लुकलुकवणारा रिले बदलला. डावा तसाच. मग तो मागे गेला, डाव्या दिव्याची काच काढली आणि "हात्तिच्या! मिस्त्री, हे बघा, हे तर–"

एवढंच तो म्हणाला, कारण मिस्त्रींनी त्याच्या पायावर पाय दिला. खिडकीतून हे अगदी स्पष्ट दिसलं. नंतर दोघे वाकून कुजबुजले. त्यातले चारच शब्द वाऱ्याने खिडकीपर्यंत आणले: "सूनबाईला मात्र सांगू नकोस."

झालं. ठमीची आई हिशेब मांडायला लागली. माणसं काय लपवतात? किरकोळ गोष्ट कुणी लपवत नाही. म्हणजे आतून वायरी जळाल्या असणार. म्हणजे एखाद्या दिवशी पाचव्या डाव्या वळणावर धूर निघणार. ती बाहेर गेली तेव्हा फ्यूजराव सामान आवरत होता.

"काय निघालं हो?"

"ताई, गाडी जुनी आहे. गाडी म्हटलं की असं चालायचंच," फ्यूजराव तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला, आणि घोटभर पाणीही न घेता गेला.

शुक्रवारी मिस्त्री तीनदा पिकअपच्या मागे गेले. तीनही वेळा त्यांच्या हातात काहीतरी होतं आणि ते त्यांनी पाठीमागे धरलं होतं. तीनही वेळा त्यांनी खिडकीकडे पाहिलं, तिथे सून दिसली, आणि ते शीळ घालत कारखान्यात परतले.

शनिवारी अकराला ठमी झोपली.

"तूही पड जरा," मिस्त्री म्हणाले. "दहा महिन्यांची झोप राहिलीय तुझी."

"हो ना, पड," सासूबाईंनी री ओढली. शनिवारी त्यांना सुट्टी असायची. "चांगली आत जाऊन पड. दार लावून."

दोघांनाही एकाच वेळी आपल्या झोपेची काळजी वाटावी, हे तिला पटलं नाही.

"झोपायचं नंतर," ती म्हणाली. "दोन तास उरलेत. आजवर आपलं चाललंय ते रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बल्ब बदल, रिले बदल. आता पद्धतशीर बघू. बाबा, तुम्ही आत बसा. मी सांगेन तेव्हा सांगेन तेच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

तिने वही उघडली. पुढच्या पानांवर ठमीच्या दुधाच्या, झोपेच्या आणि शिंकांच्या नोंदी होत्या. मागच्या पानावर तिने पट्टीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या. मिस्त्री बसले खरे, पण फाशीच्या तख्तावर चढल्यासारखे.

"नुसता डावा लावा."

टिकटिकटिकटिक. डावा मंद आणि घाईत.

"बंद. नुसता ब्रेक."

ब्रेकचा दिवा लागला, पण उजवीकडे लख्ख आणि डावीकडे मेणबत्तीएवढा.

"आता दोन्ही."

डावा गप्प.

"अगं, उन्हात उभी राहू नकोस," मिस्त्री आतून म्हणाले. "चक्कर येईल."

"सावली आहे इथे, बाबा. परत नुसता डावा."

यावेळी तिने डाव्याकडे न बघता उजवीकडे पाहिलं, आणि तिला मजेशीर गोष्ट दिसली. उजव्या बाजूचा तांबडा दिवा, ज्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तोही डाव्याच्या तालावर अगदी अंधूक मिणमिणत होता. हा का मध्ये पडतोय? तिने वहीत लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक चावत उभी राहिली.

वीज म्हणजे सासरी आलेली सून नव्हे, की आली आणि राहिली. ती आली की तिला परत जायला वाट लागते. बल्बमधून गेली, की एका छोट्या तारेने गाडीच्या पत्र्यात उतरायचं, आणि पत्र्यातून बॅटरीकडे घरी. ती तार नीट लागलेली नसेल तर वीज बिचारी काय करणार? शेजारच्याच्या घरातून वाट काढणार. उजव्या दिव्यातून. म्हणून तो मिणमिणतोय! आणि ब्रेक दाबला की तीच वाट दुसऱ्या बाजूने अडते, म्हणून डावा मरतो.

"बाबा! अर्थिंग आहे! डाव्या दिव्याची परतीची तार. कुठे लागते ती?"

आतून खोकल्याचा आवाज आला. "असेल कुठेतरी. पत्र्याला."

"कुठे पत्र्याला?"

"असेल तिथेच असेल."

ती थांबली नाही. कारखान्यातून फुलीचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि काचेचे दोन स्क्रू काढायला लागली. दुसरा स्क्रू जरा तिरका काढावा लागतो, हे तिच्या हाताला आधीच ठाऊक होतं. हाताला ठाऊक होतं, आणि डोक्याला कळेना, की हाताला हे कसं ठाऊक?

मग काच निघाली, आणि तिला आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी ठमीने पिकअपचा डावा मागचा कोपरा चाटला होता. रांगत गेली, धरून उभी राहिली, आणि गंजलेला पत्रा जीभ लावून चाखला. त्याच दिवशी तिची आई गंज थोपवणारा, लहान मुलांना अपाय न करणारा, आकाशी रंग घेऊन आली. मिस्त्री दोन दिवस बाहेरच्या कामावर होते. तिने पत्रा घासला, पुसला, वाळवला. कडेला ब्रश लागू नये म्हणून डावा दिवा सोडवून बाजूला ठेवला. तारेची कडी होती, तीही सोडवली. तिच्याखालीसुद्धा गंज होता, म्हणून तिथेही रंग दिला. एक हात, दोन हात, तीन हात. प्रयोगशाळेत शिकवतात तसं प्रत्येक हातामध्ये चार तास ठेवून. मग सगळं होतं तसं परत बसवलं. उजवी बाजू करायची वेळ आली तोवर ठमी उठून रडायला लागली होती, म्हणून तिकडचा दिवा न काढता नुसता कागद गुंडाळून कसाबसा एक हात मारला होता.

तर उजवा चालत होता. आणि डावीकडे तारेची कडी तीन हात आकाशी रंगावर, चिनी मातीच्या बशीत ठेवल्यासारखी, दिमाखात बसली होती. स्क्रूच्या भोकातसुद्धा रंग. कुठे म्हणून पत्रा उघडा नाही.

तरी तिने खात्री केली. तारेचा एक तुकडा घेतला, एक टोक कडीला धरलं, दुसरं खाली ओढायच्या हुकाच्या उघड्या बोल्टला टेकवलं.

"डावा लावा, बाबा."

टिक. टॉक. टिक. टॉक. लख्ख. एका लयीत.

तिने तार काढली. टिकटिकटिकटिक.

पावणेबारा वाजले होते. मिस्त्री आत, त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. सासूबाई घरात. तिच्या हातात फक्त तारेचा एक तुकडा होता. काच परत लावायची, दोन स्क्रू पिळायचे, आणि एक वाजता फोन करायचा: बाई, खूप प्रयत्न केला हो, गाडीच होत नाही. खोटंही नाही त्यात काही. गाडी होत नव्हतीच. मग सोमवारी ठमी घरी, ती घरी, खिडकी जागच्या जागी. कुणी बोल लावला नसता. उलट सगळे म्हणाले असते, आईचं काळीज ते.

"झालं का गं?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने तार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिला प्रयोगशाळेचं ते लांब टेबल दिसलं, खिडकीतून त्यावर येणारं ऊन, आणि वहीत हवं ते उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवणारी पोरं. अशा वह्यांवर ती लाल शाईने काय लिहायची, तेही आठवलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे मी केलंय."

पिकअपच्या आतून आवाज आला, "माहितीये."

"माहितीये?"

"बुधवारी काच काढली तेव्हाच दिसलं." मिस्त्री खाली उतरून मागे आले. अपराध्यासारखा चेहरा त्यांचाच झाला होता. "कडीखाली रंग. सुंदर रंग, हं. तीन हात?"

"तीन."

"वाटलंच. मी कपाटाला एवढा देत नाही."

"मग सांगितलं का नाहीत? मला वाटलं वायरी जळाल्यात! दोन रात्री मी–"

"भीड, दुसरं काय. पोरीसाठी एवढं राबलीस, आणि त्यानेच गाडी बिघडली असं कुठल्या तोंडाने सांगू? आधीच तू साध्या शिंकेची नोंद ठेवतेस. म्हटलं, गुपचूप जरासं खरवडून टाकू, कुणाला कळायचं नाही." त्यांनी खिशातून चार दिवस घडी होऊन मऊ पडलेला पॉलिशपेपरचा तुकडा काढला. "पण तू खिडकीतून हलशील तर ना! बुधवारपासून वाट बघतोय. माणूस अंघोळीला तरी जातो. तू तर अंघोळही ठमी झोपली की, आणि ठमी झोपली की घासायचा आवाज करायचा नाही."

"म्हणून मला झोपायला पाठवत होतात?"

"मी तर दार लावून झोप म्हटलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या केव्हाच्या येऊन उभ्या होत्या.

"आई, तुम्हालाही माहीत होतं?"

"मला बुधवारीच सांगितलं यांनी. यांच्या पोटात काही राहतंय का?"

"आणि फ्यूजरावांना?"

"त्याचा पाय अजून सुजलाय," मिस्त्री म्हणाले.

ठमीच्या आईने एकेकाकडे पाहिलं. "आणखी कुणाला?"

मिस्त्री शीळ घालायला लागले.

"बाबा!"

"तुझ्या नवऱ्याला. फोन करून विचारलं, की बाबा रे, कसं सांगावं हिला? तो म्हणाला, बाबा, तुम्ही मला हे सांगितलंत, हेसुद्धा तिला सांगू नका."

रागवावं की रडावं, हे ठरायच्या आतच ती हसायला लागली. पिकअपच्या फळीवर बसून, तोंडावर हात दाबून, ठमी उठेल म्हणून आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार शहाणी माणसं, आणि चौघांनी मिळून चार दिवस एक आंधळा दिवा जपला होता.

"घे," मिस्त्रींनी पॉलिशपेपर पुढे केला. "तुझा रंग, तूच घास."

ती घासायला लागली. पहिला हात निघाला, दुसरा निघाला. तिसरा निघेना, इतका पक्का बसला होता. अखेर नखाएवढा पांढरा पत्रा चमकला.

"अजून," मिस्त्री म्हणाले. "कडी पूर्ण टेकली पाहिजे."

"पण इथे गंज चढेल."

"चढेल की. दोन-तीन वर्षांनी. तेव्हा पुन्हा घासू. वर जरासं ग्रीस लावू, बस."

"ठमीने पुन्हा चाटलं तर?"

"काचेच्या आतलं कसं चाटेल? आणि दोन-तीन वर्षांनी पत्रे चाटायची असली तर तिला डॉक्टरकडे नेऊ."

तिने भोक साफ केलं, कडी बसवली, स्क्रू पिळला. मिस्त्री आत बसले. डावा: लख्ख. डावा आणि ब्रेक: दोन्ही लख्ख. उजवा तांबडा दिवा मिणमिणायचा थांबला, परक्याच्या भानगडीतून सुटल्यासारखा. तिने अठ्ठाविसाव्या कलमावर बरोबरची खूण केली. उरलेली दोन कलमं हॉर्नची आणि वायपरची होती. ती पाच मिनिटांत झाली.

मग मिस्त्री स्वच्छ असलेली काच पुसत राहिले. सासूबाई आत जाऊन काकडी चिरायला लागल्या, आणि चौघांच्या घराला आठवडाभर पुरेल एवढी चिरली. घड्याळात साडेबारा झाले. पावणेएक झाले. ठमी उठली, जेवली, सांडलं, हसली.

एकाला सात मिनिटं कमी असताना तिच्या आईने फोन उचलला.

"बाई, मी बोलतेय. हो. सोमवारी येते मी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "मुलीची सोय? झाली. नाही, तशी काही अडचण नाही आता." ती थोडी थांबली. "मला जरा दुपारी एक फोन करायची परवानगी लागेल. दोन. बरं, एक."

फोन ठेवून ती बाहेर आली, तर मिस्त्रींनी पुढच्या बाकाच्या मधोमध ठमीची खुर्ची बसवून पट्टे आवळलेही होते. खुर्चीत ठमी, एका बाजूला आजी चप्पल घालून तयार.

"एक तालीम करून येतो," मिस्त्री म्हणाले. "पाळणाघरापर्यंत जायचं आणि परत."

"थांबा, मी येते."

"कुठे बसशील? पुढे तिघांचीच जागा."

"मागे बसते."

"मागे माणसं बसवायला मनाई आहे. तुझ्याच यादीत आहे, कलम नऊ."

तिने पट्टा ओढून बघितला. पुन्हा ओढून बघितला. ठमीने तिच्या नाकाला हात लावला आणि मग तिच्यापेक्षा समोरचा वायपर बरा म्हणून तिकडे बघायला लागली. पिकअप फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यावर डावा दिवा लागला, लख्ख, एका लयीत. ब्रेक लागला तरी लागलेलाच. आणि गाडी वळली.

ठमीच्या आईने वहीत वेळ लिहिली: एक वाजून चार मिनिटं. मग पुढच्या रकान्यात काय लिहावं कळेना. तिने हात धुतले. नखांतून आकाशी पूड निघाली. घरात इतकी शांतता होती की तिला वाटलं काहीतरी बंद पडलंय. तिने जेवण गरम केलं. ताट वाढून घेतलं, आणि सवयीने खिडकीकडे निघाली होती, ती टेबलापाशी थांबली. खुर्ची ओढली. बसली. काकडी तर ढिगाने होती. तिने एक घास घेतला. गरम होता. दुसरा घेतला. तोही गरम. दोन्ही हात मोकळे होते, मांडीवर कुणी नव्हतं, चमचा कुणी ओढत नव्हतं. तिने सावकाश जेवण संपवलं आणि ताट पुसून घेतलं, तेव्हा फाटकाशी हॉर्न वाजला.

ती धावत बाहेर गेली. ठमी खुर्चीत गाढ झोपली होती, मान एका बाजूला, तोंड उघडं.

"पाचही वळणं चोख," मिस्त्री म्हणाले. "तिसऱ्या वळणावर मागच्या बसवाल्याने हात दाखवला मला. कौतुकाने."

"शिव्या देत होता तो. तुम्ही वळल्यावरही दिवा बंद केला नव्हता," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे बघून, "तू काय केलंस गं एवढा वेळ? फाटकाला धरून उभी होतीस ना?"

"जेवले."

"बसून?"

"बसून. गरम."

सासूबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री उतरायला निघाले होते, तेवढ्यात सुनेने त्यांच्या दारावर हात ठेवला. तिने आत वाकून ठमीची मान हलकेच सरळ केली, पट्टा एकदाच ओढून पाहिला, आणि मागे सरकली.

"बाबा," ती म्हणाली, "झोपलीच आहे, तर अजून एक चक्कर मारून आलात तरी चालेल. मला जरा डोकंही धुवायचंय."